बिननावाचा शिपाई : ब्रुसेल्सच्या लष्करी संग्रहालयाविषयी

ब्रुसेल्स शहराच्या पूर्व भागात एक विस्तीर्ण उद्यान आहे. बेल्जियम हे राष्ट्र १८३० साली स्वतंत्र झाले. त्याच्या पन्नाशीनिमित्त १८८० साली येथल्या जुन्या कवायतीच्या मैदानावर राष्ट्रीय प्रदर्शन भरले, म्हणून उद्यानाचे नावही पन्नाशीचेच. उद्यानाच्या टोकाला तीन कमानींचे अवाढव्य दगडी प्रवेशद्वार उभे आहे आणि त्याच्या उत्तरेकडील इमारतीत बेल्जियमचे राष्ट्रीय लष्करी संग्रहालय आहे. एका चर्चासत्रासाठी त्या शहरात जावे लागले तेव्हा प्रस्तुत लेखकाने एक अख्खा दिवस या संग्रहालयात घालवला. तोफा, तलवारी आणि राजांचे अर्धपुतळे यांच्याविषयी या त्रैमासिकाच्या वाचकाने का वाचावे, असे कोणी विचारील. ज्यांच्या आज्या-पणज्यांना माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची पहिली जागा लष्कराच्या रांगेत मिळाली, त्यांना राष्ट्रे आपल्या शिपायांची आठवण कशी ठेवतात आणि कोणाची ठेवीत नाहीत हा विषय परका असू शकत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

या संग्रहालयाचा जन्म समजून घेतल्याशिवाय त्याचे म्हातारपण कळणार नाही. १९१० साली ब्रुसेल्समध्ये जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी लुई लकोंत नावाच्या एका अधिकाऱ्याने लष्करी इतिहासाच्या सुमारे नऊशे वस्तू जमवल्या. त्या पाहायला लोकांची गर्दी उसळली, तेव्हा या वस्तूंना कायमचे घर देण्याचे ठरले. पहिले महायुद्ध संपल्यावर गणवेश, तोफा, झेंडे, पदके यांचा पूर आला. आधीची जागा अपुरी पडली आणि १९२३ साली राजा आल्बर्टच्या हस्ते उद्यानातल्या या इमारतीत संग्रहालय उघडले. एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन सैन्याचे जे दालन तेव्हा मांडले गेले, ते जवळजवळ त्याच मांडणीत आजही उभे आहे.

दालन लांबच लांब आहे. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीच्या काचपेट्या, त्यांत गणवेश चढवलेले पुतळे खांद्याला खांदा लावून उभे. भिंतीवर तैलचित्रे एकावर एक टांगलेली, वरून झेंडे लोंबणारे, मधूनमधून सेनापतींचे अर्धपुतळे. एका पेटीत इतकी पदके, इतक्या टोप्या, इतक्या तलवारी कोंबलेल्या आहेत, की नजर कोठे ठरत नाही. चिठ्ठ्यांचा कागद पिवळा पडलेला. उजेड जेमतेम. आधुनिक संग्रहालयात वस्तू थोड्या आणि मजकूर फार असतो. येथे त्याच्या उलट आहे. कोणी काही समजावून सांगत नाही. ज्याला आपल्या सैन्याचा अभिमान आधीच आहे, त्याने येऊन टोपी काढून उभे राहावे, अशा अपेक्षेने ही मांडणी झाली आहे. देवघरात देवांची ओळख करून देणाऱ्या पाट्या नसतात, तसेच हे. २०१७ साली हे संग्रहालय युद्धवारसा जपणाऱ्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाले. दुसऱ्या महायुद्धाचे नवे दालन २०१९ साली नव्या पद्धतीने सजले. विमानांच्या प्रचंड लोखंडी-काचेच्या मंडपात शाळेच्या सहली येतात, मुले ओरडतात, धावतात. जुन्या दालनात मात्र मी होतो त्या दोन तासांत चार-पाच माणसे आली असतील, आणि तीही लवकर निघून गेली.

हे दालन जुनाट झाले, ते बदला, अशी मागणी होणे साहजिक आहे. माझे मत वेगळे आहे. जुने संग्रहालय आपला मेंदू उघडा ठेवून बसलेले असते. नवे संग्रहालय सल्लागारांकडून लिहून घेते. त्याची भाषा सावध असते, त्यात कोणाचे मन दुखावत नाही, आणि म्हणूनच त्याच्या मालकाला खरोखर काय वाटते ते कळत नाही. १९२३ सालच्या बेल्जियन सत्ताधारी वर्गाला स्वतःविषयी काय वाटत होते, ते या धुळकट काचपेट्यांत जसेच्या तसे वाचता येते. कोणाला नाव आहे, कोणाला केवळ संख्या आहे आणि कोणाला संख्याही नाही, हे एकदा पाहायला शिकले की सगळे दालन बोलू लागते.

आधी नावाचा प्रश्न. अशी संग्रहालये भरतात ती बहुतांशी देणग्यांतून. अधिकारी वारला की त्याची विधवा किंवा मुलगा त्याची पेटी उघडतो. त्यात गणवेश असतो, पदके असतात, तलवार असते, त्याने लिहिलेली रोजनिशी असते, कोणा चित्रकाराकडून काढून घेतलेले चित्र असते. ती पेटी संग्रहालयात जाते आणि चिठ्ठीवर अमक्या घराण्याकडून भेट असे लिहिले जाते. शिपायाजवळ पेटी नसते. त्याचा गणवेश सरकारचा, तो परत करायचा. तलवार त्याला मिळतच नाही. रोजनिशी लिहायला अक्षर लागते. जे पदक मिळाले ते वाईट दिवसांत विकले जाते. संग्रहालयाच्या मनात कोणताही दुष्ट हेतू नसला, तरी केवळ या देणगीच्या व्यवहारानेच ते अधिकाऱ्यांचे संग्रहालय होते. इतिहासाच्या साधनांबद्दल आपल्याकडे जे वाद होतात, त्यांत ही साधी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. पुरावा नाही म्हणून तुमचा इतिहास नाही, असे आपल्याला ऐकवले जाते. आणि पुरावा ठेवण्यासाठी लागणारे कोरडे घर, कुलपाची पेटी आणि अक्षर कोणाकडे होते हे विचारले जात नाही.

बेल्जियमच्या गोऱ्या शिपायालाही हे सोसावे लागले आहे, हे येथे सांगायला हवे. या देशात उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश आणि दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून. सैन्याचा हुकूम फ्रेंचमध्ये आणि रांगेतले बहुसंख्य शिपाई फ्लेमिश शेतकरी-मजुरांची मुले. पहिल्या महायुद्धात येझर नदीकाठच्या खंदकांत या मुलांची चळवळ उभी राहिली. आमच्या भाषेत हुकूम द्या, एवढीच तिची मूळ मागणी. हुकूम न कळल्यामुळे शिपाई मेले असे त्या चळवळीने म्हटले. त्यातले किती खरे आणि किती दंतकथा यावर इतिहासकार भांडतात. पण भाषेनुसार पलटणी वेगळ्या करणारा कायदा व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. आज दालनातल्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत आहेत. पाटीवरची दुसरी ओळ ही कोणाची मेहेरबानी नाही, ती लढून मिळालेली आहे. मला या दोन्ही भाषा येत नाहीत. काँगोतून आलेल्या कुटुंबात जन्मलेला आणि ब्रुसेल्समध्येच वाढलेला एक संशोधक विद्यार्थी माझ्याबरोबर होता. तो पाट्या इंग्रजीत वाचून दाखवीत होता. एका पेटीपाशी थांबून तो म्हणाला, "सैन्याची तिसरी भाषाही होती. लिंगाला. ती तुम्हाला येथे दिसणार नाही."

लिंगाला ही काँगोतल्या सैन्याची भाषा. येथून पुढे या संग्रहालयाचा खरा विषय सुरू होतो, आणि त्यासाठी पुन्हा बाहेर त्या तीन कमानींखाली यावे लागते.

कमान १८८० साली बांधायची होती. ती तेव्हा पुरी झाली नाही. राजा दुसरा लिओपोल्ड याच्या हट्टामुळे १९०५ साली, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, ती उभी राहिली. संसदेने पैसा देण्याचे नाकारले होते. राजाने काही धनिक देणगीदारांची नावे पुढे केली. पैसा त्याचाच होता, आणि तो काँगोतून आला होता. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपच्या सत्तांनी मध्य आफ्रिकेतला बेल्जियमच्या कितीतरी पट मोठा प्रदेश या एका माणसाच्या पदरात टाकला. त्या प्रदेशात त्याने आयुष्यात पाऊल ठेवले नाही. १९०८ पर्यंत तो त्याची खासगी मालमत्ता होता आणि त्याचे नाव होते, काँगो मुक्त राज्य! (शब्दांची अशी थट्टा आपल्याला नवी नाही. आपल्याकडे गावाबाहेर हाकलून दिलेल्या वस्तीला पुण्यवान माणसांची नावे दिली जातात.) रबरासाठी गावागावांवर वाटा बसवण्यात आला. तो भरला नाही तर बायकांना ओलीस धरायचे, पुरुषांना पाणघोड्याच्या कातड्याच्या चाबकाने फोडून काढायचे आणि तरीही नाही भरला तर गोळी. बेल्जियन समाजवादी नेता एमिल वांडरवेल्ड याने या कमानीला तोडलेल्या हातांची कमान म्हटले होते. त्या हातांचा हिशेब लष्करी आहे, म्हणून तो लष्करी संग्रहालयात असायला हवा.

काँगोतल्या त्या सैन्याचे नाव फोर्स पब्लिक. अधिकारी गोरे, बेल्जियनांखेरीज स्वीडन, डेन्मार्क, इटलीतून आलेले. शिपाई काळे. आरंभी झांझिबार आणि पश्चिम आफ्रिकेतून भाड्याने आणलेले, पुढे काँगोतल्याच टोळ्यांतून सक्तीने उचललेले. प्रत्येक मुखियाने ठरावीक माणसे द्यायची. मुखिया अर्थातच ज्यांना मागे कोणी नाही अशांना देई. अनाथ मुलांच्या वसाहती काढून त्यांतून शिपाई तयार करण्याचा उद्योगही झाला. या शिपायाला काडतुसे मोजून मिळत. एक काडतूस वाया गेले नाही, माणसावरच खर्च झाले, याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात आणून द्यावा लागे. शिकारीत काडतूस खर्च झाले की मग जिवंत माणसाचा हात तोडला जाई. १८९९ साली विल्यम शेपर्ड या अमेरिकन काळ्या धर्मोपदेशकाने एका छावणीत विस्तवावर वाळत घातलेले ८१ उजवे हात मोजले. त्याच्याही आधी, १८९० साली, जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या काळ्या अमेरिकन माणसाने काँगोतून लिओपोल्डला खुले पत्र लिहून त्याच्या राज्याचा बुरखा फाडला होता. हा विल्यम्स चौदाव्या वर्षी अमेरिकन यादवी युद्धात शिपाई झाला होता आणि पुढे त्याने त्या युद्धातल्या काळ्या पलटणींचा इतिहास लिहिला. ज्याने आपल्या शिपायांचा इतिहास लिहिला, त्यालाच दुसऱ्यांच्या शिपायाने काय चालवले आहे ते प्रथम दिसावे, यात मला मोठा अर्थ वाटतो. एक्केचाळिसाव्या वर्षी तो इंग्लंडमध्ये वारला. त्याचे पत्र बाजूला पडले आणि पंधरा वर्षांनी जगाने तेच सगळे गोऱ्या साक्षीदारांच्या तोंडून ऐकले तेव्हा कोठे ते खरे मानले.

जुन्या दालनात काँगो आहे. तो पराक्रम म्हणून आहे, गुलामांचा व्यापार करणाऱ्या अरबांविरुद्धची मोहीम म्हणून आहे. बाहेर उद्यानात काँगोतल्या बेल्जियन आद्यवीरांचे १९२१ सालचे जे स्मारक आहे, तेही हेच सांगते. अरब व्यापारी गुलामांचा व्यापार करीत होते ही गोष्ट खोटी नाही. पण त्यांना हाकलून लावणाऱ्यांनी नंतर काय केले ते दगडात कोरलेले नाही. स्मारकावरचा 'अरब' हा शब्द कोणीतरी पुनःपुन्हा खरवडून काढतो आणि कोणीतरी तो पुन्हा भरतो, असे माझ्या सोबत्याने सांगितले. सारा वाद एका शब्दावर आणि काळा माणूस त्या वादातही नाही! दालनात काँगोच्या भागात अधिकाऱ्यांच्या तसबिरी आहेत, पदके आहेत, शस्त्रे आहेत. एकाही काळ्या शिपायाचे नाव मला तेथे वाचायला मिळाले नाही.

येथे मी माझ्या सोबत्याला कोरेगावच्या स्तंभाबद्दल सांगितले. १ जानेवारी १८१८ ची लढाई, भीमेच्या काठचा दगडी स्तंभ, त्यावर कोरलेली 'नाक' या प्रत्ययाने संपणारी नावे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे दिलेली भेट. शिपायाचे नाव दगडावर कोरले जाणे ही केवढी गोष्ट आहे ते या काचपेट्यांसमोर उभे राहिल्यावर कळते, असेही मी म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी गोळी कोणावर झाडली?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. टाळला तर आपण त्या काचपेट्या मांडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. पेशवाई ज्यांच्या गळ्यात मडके बांधीत होती त्यांच्या वंशजांनी कोरेगावचा जो अर्थ लावला तो न्याय्य आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या दिवशी बंदूक रोखणाऱ्याचा शत्रू आणि त्याच्या जातीला चिरडणारी सत्ता ही एकच होती. मात्र त्या पलटणीत सगळे महार नव्हते, समोरच्या फौजेत अरबही होते, आणि ती पलटण कंपनीच्या कामासाठी उभी होती, हेही तितकेच खरे. मुंबई सैन्यातले आपले शिपाई कंपनीच्या इतर मोहिमांतही दूरदूर गेले. तेथे समोर पेशवा नव्हता. तेथे कोणाची तरी गावे होती. कंपनीने नावे कोरली ती आपल्या विजयाच्या स्तंभावर कोरली. आणि पुढे 'लढवय्या जमाती'चा सिद्धान्त काढून त्याच राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहून आपल्या पूर्वजांच्या चाकरीची आठवण करून द्यावी लागली. दगडावरची नावे त्यांच्या उपयोगी पडली नाहीत.

म्हणून काँगोचा शिपाई मला आपला वाटला, आणि त्याची भीतीही वाटली. त्याला पकडून आणले होते, चाबकाने घडवले होते, हातात बंदूक दिली होती आणि ती त्याच्यासारख्याच माणसांवर रोखायला लावली होती. तो बळी होता आणि हातही त्यानेच तोडले. यापैकी कोणताही अर्धा भाग झाकून त्याचा इतिहास लिहिता येणार नाही. आणखी एक तिसरा भाग आहे. १८९५ साली लुलुआबुर्गच्या छावणीत या शिपायांनी अधिकाऱ्यांवर बंदुका उलटवल्या. गोंगो लुतेते हा त्यांचा सरदार बेल्जियनांनी गोळ्या घालून मारला होता, त्याचा राग त्यांच्या मनात होता. १८९७ साली मोठ्या मोहिमेवर निघालेल्या तुकड्यांनी बंड केले आणि ते काही वर्षे चालले. १९०० साली बोमाजवळच्या शिंकाकासा किल्ल्यातल्या शिपायांनी, १९४४ साली पुन्हा लुलुआबुर्गमध्ये. अधिकृत लष्करी इतिहासात या प्रकरणांना 'बंडाळी' म्हणतात आणि ती मोडणाऱ्यांना पदके मिळतात. विद्रोहाचे साहित्य आपण लिहितो, वाचतो, त्यावर परिसंवाद घेतो. या शिपायांचा विद्रोह कोणी लिहून ठेवला नाही. तो साहेबांच्या अहवालांतून उलट्या बाजूने वाचावा लागतो.

पहिल्या महायुद्धात हेच सैन्य जर्मन पूर्व आफ्रिकेत उतरले. १९ सप्टेंबर १९१६ रोजी त्याने ताबोरा शहर घेतले. सेनापती तोंबर याला पुढे 'ताबोराचा बॅरन' ही पदवी मिळाली. शहर ज्यांनी घेतले त्यांना शहराचे नाव मिळाले नाही. आणि शिपायांच्याही मागे आणखी एक रांग होती, ओझेवाल्यांची. रस्ते नाहीत, जनावरे माशीच्या रोगाने मरतात, तेव्हा तोफेचे भाग, गोळ्यांच्या पेट्या, तांदळाची पोती माणसाच्या डोक्यावरून न्यायची. बेल्जियन मोहिमांसाठी सुमारे २,६०,००० ओझेवाले धरून आणले गेले. भूक, थंडी आणि आमांशाने त्यांच्यातले किती मेले याची नीट मोजदादही झाली नाही. लष्करी संग्रहालय तोफ जपते. ती डोंगरावर कोणी चढवली हे तोफेवर लिहिलेले नसते. आपल्याकडची बिगार, मेलेले ढोर ओढणे, गावकीचे निरोप घेऊन पळणे यांचे संग्रहालय कसे असेल, याचा विचार ओझेवाल्यांपासून सुरू करावा लागेल. त्यांच्याकडे दाखवण्याजोगी वस्तूच नव्हती. डोक्यावरची चुंबळ तेवढी असावी.

याच मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने हिंदी पलटणीही लढल्या आणि बेल्जियमच्या भूमीवर ईप्रच्या रणातही हिंदी शिपाई मेले. ईप्रच्या मेनिन दरवाजावर त्यांची नावे आहेत. महार त्यात सापडतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही, कारण १९१४ साली त्यांच्यासाठी भरतीचे दार बंदच होते. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली आणि गरज सरताच १९२१ साली मोडण्यात आली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल, म्हणजे आणखी एक महायुद्ध यावे लागले.

त्याच १९२१ साली, ब्रुसेल्सच्या याच उद्यानातल्या इमारतीत एक सभा भरली होती. दुसरी अखिल आफ्रिकी परिषद. लंडन, ब्रुसेल्स आणि पॅरिस अशा तीन ठिकाणी तिची सत्रे झाली. ब्रुसेल्सचे सत्र येथे झाले. अध्वर्यू होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. हेच ते, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या निवेदनाची प्रत मागितली. परिषदेत एक काँगोलीज माणूस बोलला. त्याचे नाव पॉल पांडा फर्नाना. १८८८ चा जन्म, लहानपणी बेल्जियमला आणलेला, शेतीशास्त्राची पदविका घेतलेला, बेल्जियममध्ये उच्च शिक्षण घेतलेला पहिला काँगोलीज. १९१४ साली तो काही मोजक्या काँगोलीज स्वयंसेवकांबरोबर बेल्जियमसाठी लढायला उतरला, नामूरला पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनीत कैदेत राहिला. परतल्यावर १९१९ साली त्याने 'युनियन काँगोलीज' ही संघटना काढली. युद्धातून परतलेल्या आपल्या भावांना मदत, शिक्षण, आणि कारभारात काँगोलीज माणसाला जागा, या तिच्या मागण्या होत्या. परिषदेत त्याने राज्यच उलथून टाका असे म्हटले नाही. तरी वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. घरात पहिल्यांदा पदवी मिळवणाऱ्या माणसाने सभेत फार मवाळ बोलावे आणि तरीही त्याला उद्धट ठरवले जावे, हा अनुभव आपल्यातल्या कित्येक शिक्षकांना सांगायला नको. १९२९ साली तो काँगोला परतला आणि १९३० साली वारला. पांडा फर्नाना लष्करी माणूस होता, त्याचा कागदोपत्री पुरावा आहे, तो फ्रेंच उत्तम लिहीत होता. पुरावा नाही ही सबब त्याच्या बाबतीत चालणार नाही. शिपाई, युद्धकैदी, संघटक अशा त्याच्या आयुष्याला त्या उद्यानातल्या संग्रहालयात एक पूर्ण काचपेटी मिळायला हवी.

आता दुसऱ्या वाटेचा विचार. ब्रुसेल्सबाहेर टेर्वुरेन येथे आफ्रिका संग्रहालय आहे. तेही लिओपोल्डचेच अपत्य. १८९७ सालच्या प्रदर्शनासाठी तेथे २६७ काँगोलीज माणसे आणून तळ्याकाठच्या नकली गावात लोकांना दाखवली गेली. त्यातली सात मेली. हे संग्रहालय २०१३ साली बंद करून, नव्याने विचार करून, डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा उघडले. तेथल्या एका भिंतीवर काँगोत मेलेल्या १५०८ बेल्जियनांची नावे कोरलेली आहेत. इमारत संरक्षित वारसा असल्यामुळे ती काढता येत नाहीत. फ्रेडी त्सिंबा या काँगोलीज कलावंताने समोरच्या खिडक्यांच्या काचांवर त्या सात मृतांची नावे घातली. ऊन पडले की त्या नावांच्या सावल्या १५०८ नावांवर पडतात. कलाकृती म्हणून ती मला फार थोर वाटते. पण ढगाळ दिवशी भिंतीवर पुन्हा फक्त १५०८ उरतात आणि ब्रुसेल्समध्ये ढगाळ दिवस पुष्कळ. नूतनीकरण करणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये.

माझी सूचना अशी, की लष्करी संग्रहालयातले जुने दालन झाडू नका, रंगवू नका. ते १९२३ सालचा दस्तऐवज म्हणून तसेच ठेवा. मात्र त्याच्याच आत, काँगोच्या त्या काचपेट्यांना लागून, काडतुसांचा हिशेब ठेवा, चाबूक ठेवा, शेपर्डने मोजलेला आकडा ठेवा, लुलुआबुर्गच्या बंडात गोळी घातलेल्या शिपायांची जी नावे अहवालांत सापडतील ती लिंगालात लिहा. आणि एक फळा ठेवा. ५ जुलै १९६० रोजी, स्वातंत्र्याला पाच दिवस झाले असता, फोर्स पब्लिकचा सेनापती यान्सेन्स याने लिओपोल्डव्हिलच्या छावणीत शिपायांसमोर फळ्यावर लिहिले होते, की स्वातंत्र्याआधी आणि स्वातंत्र्यानंतर सारखेच. त्या सैन्यात तेव्हा एकही काळा अधिकारी नव्हता. त्याच दिवशी शिपाई उसळले. पुढच्या जानेवारीत लुमुंबा मारला गेला, त्याचे प्रेत आम्लात विरघळवले गेले, आणि ते काम करणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने त्याचा दात स्मृतिचिन्ह म्हणून आपल्या घरी ठेवला. तो २०२२ साली कुटुंबाला परत मिळाला. काही संग्रह संग्रहालयाबाहेर, लोकांच्या कपाटांत असतात.

आपल्या कपाटांचे काय? सैन्याच्या दप्तरात अधिकाऱ्यांची नोंद राहील, त्याची काळजी करायला नको. परंतु १९४१ नंतर भरती झालेल्या पिढीतली माणसे आता राहिलेली नाहीत. त्यांच्या मुली आणि सुना आहेत, त्याही म्हाताऱ्या झाल्या. माझ्या महाविद्यालयातले काही विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यापासून आसपासच्या वस्त्यांत हिंडून सैन्यातून सुटल्याचे दाखले, पेन्शनची पुस्तके, छावणीतून आलेली पत्रे यांचे फोटो काढून घेत आहेत. शिपाई कोठे लढला याबरोबरच त्याने कोणावर बंदूक धरली, सुटीवर आल्यावर गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिले का, आणि तो नसताना त्याच्या बायकोने घर कशावर चालवले, हे प्रश्नही त्यांनी यादीत घातले आहेत. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत लांब येतात. एका घरी कागद मिळाले नाहीत. आजी म्हणाली, "होते की. पेटीत होते. पण घर गळायचं, सगळा लगदा झाला. पितळेचा बिल्ला होता तो पोरांनी खेळून हरवला."